मॅट्रिक्समधून अटीत बसणारे कॉलम कसे काढायचे: 'आर' नव्याने शिकणाऱ्यांसाठी

मॅट्रिक्समध्ये, म्हणजे ओळी आणि कॉलम असलेल्या आकड्यांच्या चौकोनी तक्त्यात, पाचशे कॉलम आहेत आणि त्यांतले 'ज्यांत अमुक आहे' तेवढेच हवे आहेत. आर ही आकडेमोडीसाठीची प्रोग्रामिंग भाषा शिकायला घेतली की हे काम फार लवकर समोर येते. नवखा माणूस अशा वेळी लूप लिहायला बसतो. एकेक कॉलम घ्यायचा, त्यातला एकेक आकडा तपासायचा, जमला तर क्रमांक यादीत टाकायचा. तसेही उत्तर मिळते, पण आरमध्ये हेच काम एका ओळीत होते. त्या ओळीत तीन टप्पे असतात: आधी प्रत्येक सेलला प्रश्न विचारायचा, मग प्रत्येक कॉलममागे एकच 'हो' किंवा 'नाही' उरेल असे करायचे, आणि शेवटी त्या हो-नाहीच्या यादीने कॉलम उचलायचे. बहुतेक चुका मधल्या टप्प्यावर होतात, कारण 'कॉलम अटीत बसतो' म्हणजे काय हे आपण स्वतःशी धड ठरवलेलेच नसते.

सुरू करण्याआधी लिहिण्याच्या पद्धतीबद्दल थोडे. इथल्या सगळ्या कमांड देवनागरीत दिल्या आहेत. टाइप करताना फंक्शनची नावे आणि आकडे रोमनमध्येच हवेत. जिथे स्पेलिंगचा घोळ होऊ शकतो तिथे ते अक्षर-अक्षर सांगितले आहे. आर लहान-मोठ्या अक्षरांत फरक करते, त्यामुळे ते सोडून देण्यासारखे नाही.

सरावासाठी मॅट्रिक्स

चार ओळी आणि पाच कॉलम पुरेत. मॅट्रिक्स इतके लहान घ्यावे की उत्तर आधी डोळ्यांनी काढता येईल आणि मग मशीनच्या उत्तराशी पडताळता येईल.

म <- मॅट्रिक्स(सी(३, ७, २, ६, १, ४, ४, २, ८, ९, ६, ७, ०, ०, ०, ०, ५, १२, ५, ३), एनरो = ४)

कोलनेम्स(म) <- सी("क", "ख", "ग", "घ", "च")

सी आकड्यांची यादी बनवते, एनरो म्हणजे ओळींची संख्या, आणि बाण उजवीकडची किंमत डावीकडच्या नावाला देतो. पडद्यावर असे दिसेल:

क | ख | ग | घ | च
३ | १ | ८ | ० | ५
७ | ४ | ९ | ० | १२
२ | ४ | ६ | ० | ५
६ | २ | ७ | ० | ३

आकडे कसे भरले गेले ते नीट बघा. आधी 'क' कॉलम वरून खाली भरला, मग 'ख', मग पुढचा. आर मॅट्रिक्स नेहमी असेच, कॉलममागून कॉलम, साठवते. आत्ता ही बाब किरकोळ वाटेल, पण पुढे एका ठिकाणी हीच बाब गुपचूप चुकीचे उत्तर देणार आहे.

पायरी १: अट एकाच ओळीवर असेल तेव्हा

सगळ्यांत सोपा प्रकार हा. दुसऱ्या ओळीत ५ पेक्षा मोठा आकडा असलेले कॉलम हवे आहेत.

म[२, ] > ५

ही कमांड दुसरी ओळ उचलते आणि तिच्यातल्या प्रत्येक आकड्याला प्रश्न विचारते. उत्तर येते ट्रू, फॉल्स, ट्रू, फॉल्स, ट्रू. पाच कॉलम, पाच उत्तरे. ही यादी चौकोनी कंसात स्वल्पविरामानंतर ठेवली की झाले:

म[, म[२, ] > ५]

'क', 'ग' आणि 'च' हे तीन कॉलम चारही ओळींसकट मिळतात. स्वल्पविरामाआधीची जागा ओळींची, नंतरची कॉलमची. आधीची जागा रिकामी ठेवली म्हणजे 'सगळ्या ओळी द्या'. हा स्वल्पविराम विसरला तर आर मॅट्रिक्सकडे एक लांबलचक यादी म्हणून बघते आणि हो-नाहीची पाच उत्तरे वीस आकड्यांवर पुन्हा पुन्हा फिरवते. तक्रार न करता काहीतरी परत येते, आणि ते आपल्याला हवे असलेले नसते.

पायरी २: अट पूर्ण कॉलमवर असेल तेव्हा

आता 'ज्या कॉलममध्ये ५ पेक्षा मोठे आकडे आहेत ते द्या' असे कोणी म्हणाले समजा. ऐकताना हे एकच वाक्य वाटते, पण त्याचे किमान चार अर्थ निघतात: एक तरी आकडा मोठा असावा, सगळेच मोठे असावेत, निम्मे तरी असावेत, की कॉलमची सरासरी मोठी असावी? चारही प्रश्नांची उत्तरे वेगवेगळी आहेत.

पहिला टप्पा तिघांना सारखाच लागतो:

म > ५

एवढे लिहिले की तेवढ्याच आकाराचे, पण ट्रू आणि फॉल्सने भरलेले मॅट्रिक्स मिळते. बेरीज करताना आर ट्रूला १ आणि फॉल्सला ० धरते. म्हणून कॉलमवार बेरीज केली की प्रत्येक कॉलममध्ये किती आकडे अटीत बसले ते कळते:

कोलसम्स(म > ५)

स्पेलिंग सी-ओ-एल-एस-यू-एम-एस, त्यातला पहिला एस कॅपिटल. उत्तर येते २, ०, ४, ०, १. पाच आकड्यांच्या या यादीवर बाकीचे सगळे उभे आहे.

एक तरी आकडा मोठा हवा असेल तर कोलसम्स(म > ५) > ०. यात क, ग, च बसतात. सगळेच मोठे हवेत तर कोलसम्स(म > ५) == एनरो(म), म्हणजे मोजणी ओळींच्या संख्येइतकी. यात फक्त ग बसतो. निदान दोन हवेत तर >= २, म्हणजे क आणि ग. नेमका एकच हवा असेल तर == १, आणि उरतो फक्त च. 'निम्मे तरी' अशी प्रमाणाची अट असेल तर बेरजेऐवजी सरासरी घ्या: कोलमीन्स(म > ५) >= ०.५. ट्रू-फॉल्सची सरासरी म्हणजे अटीत बसणाऱ्यांचे प्रमाणच. कोलमीन्सच्या स्पेलिंगमध्ये एम कॅपिटल.

चौथा अर्थ मात्र वेगळ्या जातीचा आहे. तिथे प्रश्न सेलला विचारायचा नसतो, कॉलमच्या सारांशाला विचारायचा असतो:

कोलमीन्स(म) > ५

कंस कुठे बंद होतो ते पाहा. आधीच्या कमांडमध्ये तुलना कंसाच्या आत होती, इथे ती बाहेर आहे. सरासऱ्या ४.५, २.७५, ७.५, ० आणि ६.२५ आहेत, म्हणजे ग आणि च निवडले जातात. च मध्ये ५ पेक्षा मोठा आकडा एकच, पण तो १२ असल्यामुळे सरासरी वर ओढली गेली. उलट क मध्ये असे दोन आकडे असूनही तो बाद झाला. दोन्ही कमांड विनातक्रार चालतात, दोन्हींची उत्तरे बघायला पटण्यासारखी असतात, आणि कंस एका जागी सरकला तर सगळा अर्थ बदलतो. म्हणून कमांड लिहिण्याआधी अट मराठीत एका पूर्ण वाक्यात कागदावर लिहून काढावी असे मी आवर्जून सांगतो. 'प्रत्येक', 'एखादा तरी', 'सरासरी' यांपैकी कुठला शब्द त्या वाक्यात आला, त्यावर कंसाची जागा ठरते.

पायरी ३: हातात काय हवे आहे?

हो-नाहीची यादी मिळाली की तिच्यापासून तीन गोष्टी काढता येतात. आधी तिला नाव देऊन ठेवा:

निवड <- कोलसम्स(म > ५) > ०

कॉलमचे क्रमांक हवे असतील तर व्हिच(निवड). उत्तर १, ३, ५, आणि कॉलमना नावे असल्यामुळे आकड्यांवर क, ग, च ही नावेही छापून येतात. फक्त नावे हवी असतील तर कोलनेम्स(म)[निवड]. प्रत्यक्ष कॉलम हवे असतील तर म[, निवड]. इथे व्हिचची गरज नाही. आधी व्हिच लावून मग कंसात टाकणारे पुष्कळ लोक दिसतात. ते चुकीचे नाही, बहुतेक वेळा नुसते जास्तीचे असते. त्याचा एक फायदा आणि एक धोका पुढे येईलच.

आता निवडीत एकच कॉलम उरला तर काय होते ते करून बघा:

म[, कोलसम्स(म > ५) == एनरो(म)]

फक्त ग मिळतो, पण तो मॅट्रिक्स राहत नाही. आर एका कॉलमचे मॅट्रिक्स चपटे करून साधा व्हेक्टर, म्हणजे नुसती यादी, परत देते: ८, ९, ६, ७. कॉलमचे नावही जाते. पुढच्या ओळीत तुम्ही यावर कोलसम्स चालवले तर गाडी अडते. आणि ती अडते फक्त त्या दिवशी, ज्या दिवशी डेटात योगायोगाने एकच कॉलम अटीत बसतो. उपाय तीन शब्दांचा आहे:

म[, निवड, ड्रॉप = फॉल्स]

पडद्यावर सहज बघायचे असेल तर सोडून द्या. स्क्रिप्टमध्ये किंवा फंक्शनमध्ये लिहीत असाल तर हे दरवेळी लिहा.

पायरी ४: दोन अटी एकत्र

५ पेक्षा मोठे आणि ८ पेक्षा लहान आकडे हवेत. गणिताच्या वहीत आपण हे ५ < क्ष < ८ असे लिहितो. आरला ते चालत नाही, ती सरळ सिंटॅक्सची चूक दाखवते. दोन तुलना वेगळ्या लिहून मध्ये एक अँड-चिन्ह द्यावे लागते.

आता हे दोन प्रकार शेजारी ठेवून बघा:

कोलसम्स(म > ५ & म < ८) > ०

कोलसम्स(म > ५) > ० & कोलसम्स(म < ८) > ०

पहिला विचारतो, दोन्ही अटी एकाच वेळी पाळणारा एखादा आकडा या कॉलममध्ये आहे का? क मध्ये ७ आणि ६ आहेत, ग मध्ये ६ आणि ७. म्हणून क आणि ग. दुसरा विचारतो, ५ पेक्षा मोठा असा कुठला तरी आणि ८ पेक्षा लहान असा कुठला तरी, असे दोन्ही इथे आहेत का? ते आकडे वेगवेगळे असले तरी हरकत नाही. च मध्ये १२ हा पहिली अट पाळतो आणि ५ दुसरी, त्यामुळे इथे क, ग आणि च असे तीन कॉलम येतात. दोन्ही प्रश्न आपापल्या जागी योग्य आहेत. कुठला विचारायचा ते तुमच्या कामावर ठरेल.

अँड-चिन्ह एकच द्या. दोन चिन्हे जोडून लिहिलेला प्रकार इफसारख्या ठिकाणी एकेकट्या ट्रू-फॉल्ससाठी असतो. जुन्या आवृत्त्यांत तो यादीतली पहिलीच जोडी बघायचा आणि बाकीच्यांकडे गुपचूप दुर्लक्ष करायचा. आर ४.३.० पासून तिथे सरळ एरर येते. ही सुधारणा आधीच व्हायला हवी होती.

पायरी ५: अट मोजणीत बसत नसेल तेव्हा अप्लाय

'कॉलममधले सगळे आकडे सारखेच आहेत', 'आकडे वरून खाली चढत जातात', 'सर्वांत मोठा आकडा सर्वांत लहानाच्या दुपटीहून जास्त आहे' अशा अटी नुसत्या बेरजेने सुटत नाहीत. त्यांच्यासाठी अप्लाय आहे:

अप्लाय(म, २, फंक्शन(एक्स) लेंग्थ(युनिक(एक्स)) == १)

मधला २ म्हणजे 'कॉलमवार'. तिथे १ लिहिला तर ओळीवार काम होईल. अप्लाय एकेक कॉलम उचलून फंक्शनला देते, फंक्शन एक ट्रू किंवा फॉल्स परत करते, आणि शेवटी पाच उत्तरांची तीच ओळखीची यादी तयार होते. युनिक कॉलममधले वेगवेगळे आकडे तेवढे ठेवते आणि लेंग्थ ते मोजते. इथे फक्त घ ट्रू येतो. मॉडेल बसवण्याआधी असे बदल नसलेले कॉलम वेगळे काढणे हे रोजचे काम आहे.

डिफ लगतच्या आकड्यांतला फरक काढते, म्हणून चढत्या कॉलमसाठी फंक्शनच्या आत ऑल(डिफ(एक्स) > ०) लिहा. 'एखादा तरी' आणि 'सगळे' यांसाठीही अप्लाय(म > ५, २, एनी) आणि अप्लाय(म > ५, २, ऑल) असे लिहिता येते, आणि वाचायला ते कोलसम्सपेक्षा स्पष्ट वाटते. मॅट्रिक्स मोठे झाले की मात्र कोलसम्स बरेच वेगवान पडते, कारण अप्लाय प्रत्येक कॉलमसाठी तुमचे फंक्शन पुन्हा बोलावत बसते. काही हजार कॉलमपर्यंत हा फरक सहसा जाणवणार नाही. तोवर जे वाचायला सोपे ते लिहावे.

पायरी ६: डेटात गाळलेल्या जागा असतील तेव्हा

खऱ्या डेटात एनए असतातच. स्पेलिंग कॅपिटल एन, कॅपिटल ए. अर्थ 'इथे आकडा माहीत नाही'. आपल्या मॅट्रिक्सची एक प्रत घेऊन तिच्यात एक एनए टाकू:

न <- म

न[२, "क"] <- एनए

आता कोलसम्स(न > ५) चालवा. क च्या जागी २ ऐवजी एनए येतो. आरचे म्हणणे असे की एक आकडा माहीत नाही, तेव्हा एकूण किती ते मी सांगू शकत नाही. तिच्या जागी ते बरोबर आहे. पण याचे पुढे दोन वेगवेगळे परिणाम होतात. न[, कोलसम्स(न > ५) > ०] असे लिहिले तर क च्या जागी पूर्ण एनएने भरलेला, नावही एनए असलेला एक भुताटकी कॉलम येतो. व्हिच लावून लिहिले तर व्हिच एनएला फॉल्ससारखेच टाकून देते, आणि क कॉलम उत्तरातून नाहीसा होतो. त्या कॉलममध्ये शेवटी ६ आहे, म्हणजे 'एखादा तरी' ही अट तो पाळतोच, तरीही. एका मार्गाने खोटा कॉलम येतो, दुसऱ्याने खरा जातो.

त्यातल्या त्यात पहिला प्रकार बरा, कारण तो निदान डोळ्यांना खुपतो. व्हिचचा फायदा आणि धोका म्हणालो तो हाच: तो एनए काढून टाकतो, आणि काढल्याचे सांगत नाही.

सरळ उपाय असा:

कोलसम्स(न > ५, एनए.आरएम = ट्रू) > ०

एनए.आरएम इथे लहान अक्षरांत, मध्ये टिंब. आता क साठी मोजणी १ येते आणि तो निवडला जातो. 'एखादा तरी' साठी एवढे पुरे.

'सगळेच' साठी पुरत नाही. माहीत नसलेले आकडे वगळले, पण तुलना मात्र एकूण ओळींच्या संख्येशी ठेवली, तर एनए असलेला कुठलाही कॉलम कधीच पास होणार नाही. तसेच हवे असेल तर ठीक. 'जे आकडे माहीत आहेत ते सगळे मोठे हवेत' असे म्हणायचे असेल तर तुलना माहीत असलेल्या आकड्यांच्या संख्येशी करावी लागते:

कोलसम्स(न > ५, एनए.आरएम = ट्रू) == कोलसम्स(!इज.एनए(न))

इज.एनए गाळलेल्या जागांना ट्रू म्हणते, आणि आधीचे ! हो-नाही उलटे करते. इथेही एक गोम आहे. एखादा कॉलम पूर्णच एनए असेल तर दोन्ही बाजूंना ० येतो, शून्य बरोबर शून्य, आणि तो रिकामा कॉलम दिमाखात पास होतो. तर्कशास्त्राच्या दृष्टीने यात चूक नाही. आरमध्ये रिकाम्या यादीवर ऑल चालवले तरी ट्रूच येते. व्यवहारात मात्र असा कॉलम कोणालाच नको असतो, म्हणून मागे & कोलसम्स(!इज.एनए(न)) > ० जोडा.

एनी आणि ऑल यांची एनएशी वागणूक जास्त समंजस आहे. एक जरी ट्रू सापडला तरी एनी एनएकडे न बघता ट्रू देते, कारण माहीत नसलेला आकडा काहीही असला तरी उत्तर बदलणार नसते. म्हणून अप्लाय(न > ५, २, एनी) मध्ये क ला ट्रूच मिळते. उत्तर खरोखरच त्या गाळलेल्या आकड्यावर अवलंबून असेल तेव्हाच ती एनए म्हणते.

एनए असलेले कॉलम शोधणे हीच कित्येकदा मुख्य गरज असते. आरसोबत येणाऱ्या एअरक्वालिटी या डेटावर कोलसम्स(इज.एनए(एअरक्वालिटी)) चालवून बघा. न्यूयॉर्कमधल्या १९७३ सालच्या मे ते सप्टेंबर या काळातल्या हवेच्या रोजच्या नोंदी त्यात आहेत, १५३ ओळी आणि ६ कॉलम. ओझोनच्या कॉलममध्ये ३७ जागा रिकाम्या निघतील, सूर्यकिरणांच्या कॉलममध्ये ७, आणि बाकी चार कॉलम पूर्ण भरलेले.

पायरी ७: प्रत्येक कॉलमची मर्यादा वेगळी असेल तेव्हा

या लेखातला एकच भाग लक्षात ठेवणार असाल तर हा ठेवा. क साठी मर्यादा ५, ख साठी ३, ग साठी ७, घ साठी ० आणि च साठी ४ आहे:

हद्द <- सी(५, ३, ७, ०, ४)

पाच कॉलम, पाच मर्यादा. हात आपोआप म > हद्द लिहून मोकळा होतो, आणि कोलसम्स(म > हद्द) चे उत्तर येते २, १, ४, ०, ३. कसलीही वॉर्निंग नाही.

बरोबर उत्तर २, २, २, ०, ३ असे आहे. ख आणि ग चुकले, बाकी तीन योगायोगाने जुळले, त्यामुळे वरवर बघणाऱ्याला शंकाही येत नाही. झाले काय? मॅट्रिक्स कॉलममागून कॉलम साठवलेले असते हे सुरुवातीला पाहिले. आर हद्दीतले आकडे त्याच क्रमाने, वरून खाली वाटत जाते. क च्या चार आकड्यांना ५, ३, ७, ० मिळाले, उरलेला ४ हा ख च्या पहिल्या आकड्याला गेला, आणि तिथून पुढे सगळेच सरकत गेले. यादी अपुरी पडली की आर ती पुन्हा पहिल्यापासून सुरू करते. एकूण आकड्यांना यादीच्या लांबीने नि:शेष भाग जात नसेल तर एरवी ती वॉर्निंग देते. पण मॅट्रिक्समधले एकूण आकडे म्हणजे ओळी गुणिले कॉलम, त्यांना कॉलमच्या संख्येने नेहमीच भाग जातो. म्हणून या चुकीला वॉर्निंग कधीच येत नाही.

बरोबर पद्धत स्वीपची:

कोलसम्स(स्वीप(म, २, हद्द, ">"))

इथला २ पुन्हा 'कॉलमवार', आणि अवतरणात तुलनेचे चिन्ह. हद्दीची लांबी कॉलमच्या संख्येशी जुळली नाही तर स्वीप सहसा वॉर्निंगही देते. दुसरा रस्ता मॅट्रिक्स आडवे करण्याचा: रोसम्स(टी(म) > हद्द). टी म्हणजे ट्रान्सपोज. कॉलमच्या ओळी झाल्या की वरून खाली वाटप आपल्याला हवे तसेच होते. दोन्हींचे उत्तर एकच येते.

हाच स्वभाव कधी कधी उपयोगीही पडतो. एखाद्या ठरावीक यादीशी तंतोतंत जुळणारा कॉलम शोधायचा असेल तर यादीची लांबी ओळींइतकी असते, आणि तेव्हा वरून खाली वाटप बरोबरच असते. कोलसम्स(म == सी(१, ४, ४, २)) == एनरो(म) लिहिले की ख सापडतो.

काही खड्डे, भराभर

उणे आकड्याशी तुलना करताना म < -५ असे जागा सोडून लिहा. लहानचे चिन्ह आणि उणे चिकटले की तो बाण होतो, आणि आरमध्ये बाण म्हणजे नवी किंमत देणे. तुमचे मॅट्रिक्स पुसले जाऊन म मध्ये नुसता ५ उरतो.

अटीत बसणारे कॉलम काढून टाकायचे असतील तर म[, !निवड] लिहा. म[, -व्हिच(निवड)] हे बहुतेक वेळा चालते. ज्या दिवशी एकही कॉलम अटीत बसत नाही त्या दिवशी व्हिच रिकामी यादी देते, रिकाम्याचे उणेही रिकामेच, आणि सगळे कॉलम राहण्याऐवजी एकही राहत नाही.

दशांश आकड्यांवर == वापरू नका. आरमध्ये ०.१ + ०.२ == ०.३ याचे उत्तर फॉल्स आहे, कारण हे अपूर्णांक कॉम्प्युटरच्या द्विमान पद्धतीत नेमके मावत नाहीत. बेरीज १ येणारे कॉलम हवेत तर ॲब्स(कोलसम्स(प) - १) < ०.०००००००१ असे थोडी ढील ठेवून लिहा. इथे प म्हणजे तुमचे संभाव्यतांचे मॅट्रिक्स.

मॅट्रिक्समध्ये एकाच प्रकारचा माल राहतो. एका सेलमध्ये जरी मजकूर शिरला तरी सगळे आकडे मजकूर होतात, आणि म > ५ ही तुलना अक्षरांच्या क्रमाने होते. मग १२ हा ५ पेक्षा लहान ठरतो, कारण १ हे अक्षर ५ च्या आधी येते. शंका आली की मोड(म) विचारा. न्यूमरिक असे उत्तर यायला हवे.

याच कारणाने डेटा फ्रेमवर, म्हणजे ज्यातले कॉलम वेगवेगळ्या प्रकारचे असू शकतात अशा तक्त्यावर, अप्लाय चालवू नका. ती आधी पूर्ण डेटा फ्रेमचे मॅट्रिक्स करते, आणि एखादा कॉलम नावांचा असला तर सगळे आकडे मजकूर होऊन बसतात. डेटा फ्रेमसाठी सॅप्लाय वापरा, ती कॉलम जसाच्या तसा देते: सॅप्लाय(ड, इज.न्यूमरिक) लिहिले की आकड्यांचे कॉलम कुठले ते कळते, आणि ड[, सॅप्लाय(ड, इज.न्यूमरिक), ड्रॉप = फॉल्स] ने ते उचलता येतात. इथे ड म्हणजे तुमची डेटा फ्रेम.

आकाराचेही भान हवे. १०,००० ओळी आणि १०,००० कॉलम म्हणजे १० कोटी आकडे. प्रत्येकी ८ बाइटने ८० कोटी बाइट. म > ५ लिहिले की तेवढ्याच सेलचे ट्रू-फॉल्सचे नवे मॅट्रिक्स तयार होते, आणि आर प्रत्येक ट्रू-फॉल्सला ४ बाइट देते, म्हणजे आणखी ४० कोटी. मेमरी अपुरी पडली तर कॉलमचे गट करून काम करा. मध्यक किंवा प्रमाण विचलन यांवर अटी असतील तर मॅट्रिक्सस्टॅट्स हे पॅकेज बघा. त्यातले कोलमीडियन्स आणि कोलएसडीज अप्लायपेक्षा बरेच वेगवान आहेत.

पायथन भाषेतल्या नमपाय या आकडेमोडीच्या लायब्ररीकडून आलेल्यांचा इथे दोनदा गोंधळ होतो. तिथे अ‍ॅक्सिस ० म्हणजे ओळी मिटवून कॉलम उरवणे. आरच्या अप्लायमधला २ मात्र जे उरवायचे आहे त्याचे नाव सांगतो. आणि पायरी ७ मधली थेट तुलना नमपायमध्ये बरोबर उत्तर देते, कारण तिथे यादी शेवटच्या अक्षाशी, म्हणजे कॉलमशी, जुळवली जाते. तिकडची सवय इकडे आणली की घात होतो.

आता मोठ्या मॅट्रिक्सवर

आरमध्ये व्होल्केनो नावाचे मॅट्रिक्स आयते मिळते. ऑकलंडमधल्या माउंगा व्हाऊ या ज्वालामुखी टेकडीची उंची त्यात १० मीटरच्या चौकटींवर मांडली आहे. ८७ ओळी, ६१ कॉलम. आरचा जन्मही ऑकलंड विद्यापीठातलाच. रॉस इहाका आणि रॉबर्ट जंटलमन या दोघांनी ती तिथे सुरू केली, तेव्हा सरावाला घरचीच टेकडी आली म्हणायची.

१८० पेक्षा उंच जागा असलेले कॉलम काढा, मग अशा निदान दहा जागा असलेले काढा, मग सरासरी उंची १३० च्या वर असलेले काढा. या मॅट्रिक्सच्या कॉलमना नावे नाहीत, त्यामुळे व्हिच नुसते क्रमांक देईल. ते बहुधा सलग येतील, कारण टेकडीचा माथा एका जागी असतो. अधूनमधून तुटलेले क्रमांक आले तर इमेज(व्होल्केनो) चालवून चित्र काढा आणि खड्डा कुठे आहे ते बघा.

तुमची कमांड बरोबर आहे का, ते तपासायला या मॅट्रिक्सची दोन टोके उपयोगी पडतात. सर्वांत लहान आकडा ९४ आहे, सर्वांत मोठा १९५. म्हणून 'सगळे आकडे >= ९४' या अटीत ६१ च्या ६१ कॉलम यायला हवेत, आणि 'एखादा तरी आकडा > १९५' या अटीत एकही नाही. दुसऱ्या निवडीवर डिम चालवले की ८७ आणि ० असे उत्तर आले पाहिजे: ओळी शाबूत, कॉलम शून्य, आणि एरर नाही.